आमचा अकरावा गडी



सकाळपासून इथे बॅचमधल्या डॉक्टरांचं, वकिलांचं, परदेशातून आलेल्यांचं कौतुक झालं. मी बोलणार आहे 'क' तुकडीतल्या एका क्रिकेटपटूबद्दल. नाव घेत नाही. तिसऱ्या रांगेत उजव्या गुडघ्याला पट्टा बांधून जो मान खाली घालून बसलाय, तोच.

"मी कांगा लीग खेळतो," असं तो सांगतो तेव्हा समोरचा दचकतो. दचकायलाच हवं. १९४८ साली सुरू झालेली, डॉ. होर्मसजी कांगांच्या नावाची ही स्पर्धा मुंबईच्या ऐन पावसाळ्यात, न झाकलेल्या खेळपट्टीवर होते. पद्माकर शिवलकरांसारखा गोलंदाज तिथे वर्षानुवर्षं खेळला. आपला मित्र फक्त एवढंच सांगायचं टाळतो, की लीगमध्ये ए ते जी असे विभाग आहेत आणि त्याचा क्लब जीमध्ये आहे. जीच्या खाली विभाग नाही, म्हणून क्लब अजून खाली गेलेला नाही.

काही वर्षांपूर्वी त्याने एक फुगलेली वही माझ्या हातात ठेवली. "तू कम्प्युटरवाली ना? हे जरा नीट मांडून दे." कम्प्युटर इंजिनीअर म्हटलं की लोक प्रिंटर दुरुस्त करायला बोलावतात, त्या मानाने हे काम बरं होतं. एकोणीस मोसमांचा हिशेब मी एक्सेलमध्ये बसवला. सरासरी निघाली ४.३. प्रत्येक वेळी बाद झाल्याचं कारणही वहीत होतं, म्हणून त्याचा वेगळा कॉलम केला. ओली खेळपट्टी. ओला चेंडू. ओले ग्लोव्ह्ज. ढोपरभर गवत, त्यात चेंडू अडतो, म्हणून उंच मारावा लागतो, म्हणून झेल. आझाद मैदानावर बावीस खेळपट्ट्या एकमेकींना खेटून, त्यामुळे 'शेजारच्या मॅचचा फिल्डर मध्ये आला' हे तर सात वेळा. 'माझा फटका चुकला' असं एकदाही नाही. आमच्या ऑफिसातल्या बग रिपोर्टमध्येही असाच कॉलम असतो, त्यामुळे मी काही बोलले नाही.

तो अकराव्या नंबरवर येतो, कारण तो खरोखरच अकरावा माणूस आहे. शनिवारी रात्री फोन करकरून दहा जण तो जमवतो. कुणाची नाइट शिफ्ट, कुणाच्या मुलाचा क्लास, कुणाच्या घरी सत्यनारायण. दहा झाले की अकरावा तो स्वतः. बारावा मिळाला तर पाणी घेऊन धावायलाही तोच.

गेल्या सप्टेंबरात गुडघा गेला. डॉक्टरांनी पळणं बंद सांगितलं. वहिनींचा मला फोन आला, "तुमचं ऐकेल तो, तुम्ही सांगा." मी लॅपटॉप घेऊन गेले. ४.३ पिवळ्या रंगात ठळक करून ठेवलं होतं. त्याने बराच वेळ स्क्रीनकडे बघितलं आणि म्हणाला, "यात वाहून गेलेल्या मॅचेस नाहीत."

"त्यात तू खेळलासच कुठे?"

"गेलो तर होतो."

वही पुन्हा उघडली. एकही चेंडू न टाकता रद्द झालेले सामने मोजले. एकाहत्तर. म्हणजे एकाहत्तर रविवार हा माणूस डोंबिवलीहून पहाटेची लोकल पकडून, किट खांद्यावर मारून मैदानावर गेला, गळक्या तंबूत बसून पंचांच्या पाहणीची वाट बघत राहिला, आणि वडापाव खाऊन मेगाब्लॉकमधून लटकत घरी आला. हा आकडा कशाने भागायचा, ते मला आजवर कळलेलं नाही. त्या दिवशी मी लॅपटॉप मिटला आणि वहिनींनी केलेले पोहे खाल्ले.

आता त्याने वहिनींना शब्द दिलाय, की येत्या जुलैपासून फक्त स्कोअरर म्हणून जाणार. वहिनी, मघाशी हार-नारळ काढायला त्याच्या गाडीची डिकी उघडली होती. आत नवे पॅड आहेत, लेबलसुद्धा काढलेलं नाही. स्कोअररला ते कशाला लागतात, एवढं घरी गेल्यावर विचारा.