लिटरमागचा रस्ता



अध्यक्षाने शेवटी बोलायचे असते, म्हणून सकाळपासून मी ऐकत होतो. रस्त्यांचा पैसा टोलमधून उभा करावा की पेट्रोल-डिझेलवरच्या करातून, यावर दोन्ही बाजूंनी तळमळीने मांडणी झाली. तरुण अभियंत्यांचा कल टोलकडे दिसला. जो रस्ता वापरतो त्यानेच पैसे द्यावेत, हे तत्त्व मलाही पटते. पण आपण ते तेलंगणातल्या उटनूरला बसून बोलतो आहोत, आणि इथे हिशेब वेगळा लागतो.

पांढरकवड्याकडून आलेल्यांनी पिप्पलवाड्याच्या नाक्यावर टोल दिला असेल, निर्मळकडून आलेल्यांनी रोलमामड्याला. गुडीहतनूरला ४४ नंबरचा हायवे सोडून तुम्ही इंद्रवेल्लीच्या बाजूला वळलात आणि नाके संपले. डोंगरातल्या कोलाम आदिवासींच्या गुड्याकडे, म्हणजे पाड्याकडे, जाणाऱ्या वाटेवर टोल लावून रस्ता बांधायला कोणता ठेकेदार येईल? दिवसाला पंधरा-वीस मोटारसायकली, एखादी जीप, कापसाच्या दिवसांत ट्रॅक्टर. टोल वर्दळीच्या मागे जातो. जिथे वर्दळ नाही तिथे रस्ता आधी लागतो, वर्दळ मग येते. नोकरीच्या सुरुवातीला पावसाळ्यात ओढ्याच्या अलीकडे जीप सोडून मी पुढे चालत जात असे. अडलेल्या बाईला बाजेवर घालून चार माणसे छातीभर पाण्यातून तो ओढा ओलांडताना मी पाहिली आहेत. ते दृश्य आजही डोळ्यांसमोरून जात नाही, म्हणून मी या वादात तटस्थ राहू शकत नाही.

एका मराठी माणसाचे नाव आज कोणी घेतले नाही, ते मी घेतो. मुकुंदराव जयकर. पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू म्हणून आपण त्यांना ओळखतो. पण १९२७ साली नेमलेल्या रस्तेविकास समितीचे ते अध्यक्ष होते. रस्ते बांधणे प्रांतांच्या आणि स्थानिक संस्थांच्या ऐपतीबाहेर चालले आहे, तेव्हा देशाने त्याचा भार उचलावा, असे या समितीने सांगितले. पेट्रोलवर गॅलनमागे दोन आणे जादा कर बसला आणि १९२९ साली केंद्रीय रस्ते निधी उभा राहिला. त्यातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट अशी, की वर्षअखेरीस उरलेला पैसा सरकारी तिजोरीत परत जाऊन बुडायचा नाही. तो रस्त्याचाच राहायचा.

हाच विचार २००० सालच्या केंद्रीय रस्ते निधी कायद्यात पुन्हा आला. डिझेलवरच्या उपकराचा निम्मा वाटा खेड्यांच्या रस्त्यांसाठी ठेवला गेला, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात प्रधानमंत्री ग्रामसडक योजना सुरू झाली. मैदानी मुलखात ५०० वस्तीच्या गावाला रस्ता, आदिवासी आणि डोंगरी भागात २५० वस्तीलाही. आपल्याकडच्या कितीतरी गुड्यांना पहिले डांबर दिसले ते या पैशातून. हायवेवरून धावणाऱ्या ट्रकच्या डिझेलने डोंगरातला मोरीपूल बांधला. टोलच्या पावतीला हे कधीच जमले नसते.

पण २०१८ साली या निधीच्या नावात ‘पायाभूत सुविधा’ शिरल्या आणि त्याचे दार इतर कामांनाही उघडले गेले. ती कामे नकोत असे मी म्हणणार नाही; पण रस्त्याच्या नावाने घेतलेला पैसा रस्त्यावर दिसला नाही, तर लोकांचा इंधनकरावरचा विश्वास उडेल आणि टोलवाल्यांचे आयतेच फावेल. मोटारसायकलला नाक्यावर टोल नाही, म्हणून आपला माणूस समजतो की आपण रस्त्याचे काही देत नाही. अहो, तो प्रत्येक लिटरमागे देतो! केंद्राचा उपकर देतो, वर तेलंगणाचा व्हॅटही देतो. तो देणेकरी नाही, त्याचेच येणे बाकी आहे.

मग टोल नकोच का? तसेही नाही. रस्ता खचतो तो जड आसाने. आसावरचा भार दुप्पट झाला की रस्त्याची झीज ढोबळमानाने सोळा पट होते, हे आपण सारे शिकलो आहोत. अवजड मालवाहतुकीने हायवेवर टोल द्यावा, तो वजनाप्रमाणे द्यावा, आणि त्याला शेवटची तारीख असावी. शहरातल्या रोजच्या रस्त्यावर नाके बसवले की काय होते ते कोल्हापूरने दाखवले. लोकांनी वर्षानुवर्षे आंदोलन केले आणि २०१५च्या अखेरीस तिथला टोल रद्द झाला. टोल गेला, रस्त्याचा खर्च मात्र सरकारच्या, म्हणजे सगळ्यांच्याच, गळ्यात आला. तो आधीच करातून केला असता तर ही वेळ आली नसती.

विजेच्या गाड्या वाढतील तसा लिटरमागचा पैसा आटेल, हा सकाळच्या वक्त्यांचा मुद्दा खरा आहे. त्या गाड्यांकडून वजन आणि अंतर पाहून कर घ्यावा लागेल, आणि त्याची तयारी आजच हवी. तोही पैसा जयकरांच्या निधीसारखा बांधलेला असावा.

म्हणून अध्यक्षपदावरून मी एक ठराव मांडतो. इंधनावरच्या रस्ते उपकरातून आपल्या मंडलाला दरवर्षी किती रक्कम आली, ती कोणत्या गुड्याच्या रस्त्यावर किंवा मोरीवर लागली, याचा फलक मराठी, तेलुगू आणि गोंडी भाषांत ग्रामपंचायतीसमोर लावला जावा, आणि पहिला फलक या पावसाळ्याआधी लागावा. अनुमोदन सभेतून यावे.