धने, संत्र्याची साल आणि गव्हाची बीअर

सुरतेच्या दक्षिणेस, उधना आणि सचिन यांच्या दरम्यान भेस्तान हे रेल्वेचे स्थानक आहे. या पट्ट्यातील कारखान्यांत कामास आलेल्या खानदेशी कुटुंबांमुळे येथे मराठी बोली नित्य कानी पडते. त्यांच्या घरी फळीवर धने, सुंठ, जायफळ हे असावयाचेच. युरोपातील एक जुने पेय, म्हणजे गव्हाची बीअर, याच जातीच्या जिनसांनी सुगंधित केले जाते. गुजरातेत दारूबंदी असल्याने ती येथे घरी तयार करणे हा गुन्हा होय. परंतु तिच्यामागील शास्त्र जाणून घेण्यास कोणाचीच आडकाठी नाही.

मद्यात मसाला आणि लिंबू घालण्याची रीत सुरतेस अपरिचित नव्हती. १६३८ साली मांडेल्स्लो हा जर्मन प्रवासी इराणच्या किनाऱ्यावरून सुरतेस आला. जहाजावर इंग्रजी बीअर होती आणि 'पालेपुंझेन' नावाचे पेयही केले जाई, असे त्याने नमूद केले आहे. पुढे १६५३ साली प्रसिद्ध झालेल्या एका फ्रेंच प्रवासवर्णनात त्याचे जिन्नस सापडतात: साखर, लिंबाचा रस, दारू, जायपत्री आणि भाजलेले बिस्किट. हेच ते 'पंच'. पाच जिनसांवरून त्यास हे नाव पडले, असे जॉन फ्रायर या इंग्रज वैद्याने लिहून ठेवले आहे.

गव्हाच्या बीअरची कथा बेल्जममधील हूगार्डन गावची. तेथील भट्ट्या एकेक करून बंद पडल्या आणि १९५० नंतरच्या दशकात शेवटचीही विझली. पुढे पिएर सेलिस नावाच्या एका दूधविक्याने ती परंपरा पुन्हा जागी केली. मोड आणून वाळविलेले जव आणि कच्चा गहू यांचा गोड काढा उकळावयाचा, त्यात हॉप, भरडलेले धने आणि कडू संत्र्याची वाळलेली साल घालावयाची आणि मग यीस्टने तो आंबवावयाचा, अशी ती कृती.

यातील सारे मर्म वेळेत आणि मापात आहे. धने व साल यांचा सुवास उडून जाणाऱ्या तेलांत असतो. फार वेळ उकळल्यास तो वाफेबरोबर निघून जातो. म्हणून हे जिन्नस उकळीच्या अखेरच्या पाचदहा मिनिटांत पडतात. वीस लिटरांस वीसएक ग्रॅम धने पुष्कळ होतात. सालीच्या आतील पांढरा पापुद्रा कडवट असल्याने तो खरवडून काढतात. आपल्याकडील लांबट, मोठ्या धन्यांत युरोपातील बारीक गोल धन्यांपेक्षा तेल कमी असते. माप ठरविताना तेही ध्यानी घ्यावे लागते.

बासुंदी उतरविल्यावरच वेलची घालणाऱ्या गृहिणीस हे निराळे शिकवावयास नको. लिंबाच्या सरबताचा पाक चुलीवरून उतरवून मग त्यात सालीचा वरचा पातळ पिवळा भाग घालावा, म्हणजे याच नियमाचा प्रत्यय येईल.

मसाल्याने धान्याची चव खुलावी. दोष झाकण्याचे काम त्याच्याकडे देऊ नये. चोरट्या दारूच्या बाबतीत तर हा प्रश्न जिवावरचा आहे. जुलै २००९ मध्ये अहमदाबादेत विषारी दारूने शंभरांहून अधिक माणसे दगावली. मिथेनॉलचे विष जिभेस किंवा नाकास ओळखू येत नाही, आणि कितीही सुगंधी साल घातली तरी ते उतरत नाही.