तेलाची वाटी



कार्यक्रमपत्रिकेवर 'अंगमर्दन' हा विषय पाहून माझ्या एका स्नेह्याने विचारले, "काय डॉक्टर, या उकाड्यात लोकांना तेल चोळायला बसवणार की काय?" मी म्हटले, बसवणार नाही; पण फळीच्या मागे गेलेली तेलाची वाटी पुढे घ्या, एवढे सांगणार आहे. आणि ती केव्हा हातात घेऊ नये, हेही सांगणार आहे. मी हाडांचा डॉक्टर आहे. दुसऱ्या गोष्टीची किंमत मला चांगली ठाऊक आहे.

आपल्याकडे तेल लागते ते तान्ह्या मुलाला, बाळंतिणीला, तालमीतल्या पोराला आणि दिवाळीच्या पहाटे सगळ्यांना. एरवी वर्षभर अंग कोरडे. वाग्भटाने मात्र 'अष्टांगहृदया'त अभ्यंग हा दिनचर्येतच घातला आहे. मस्तक, कान आणि पाय यांना तर विशेषेकरून. तेथेच त्याने अजीर्ण झालेल्याने आणि कफ वाढलेल्याने अभ्यंग करू नये, असेही बजावले आहे. हा भाग आपण सोयीने विसरतो. जाता जाता सांगतो, 'शांपू' हा साहेबी शब्द आपल्याच हिंदुस्थानी 'चांपो'वरून गेलेला आहे. पाटण्याकडचा शेख दीन महंमद एकोणिसाव्या शतकात इंग्लंडातील ब्रायटन येथे चंपी करीत असे आणि राजेलोकही त्याचे गिऱ्हाईक होते!

चोळल्याने दुखणे कमी का होते? पोराचे कपाळ चौकटीवर आपटले की आई आधी तिथे हात चोळते. हे तिला कोणी शिकविलेले नसते. मेल्झॅक आणि वॉल या दोघा शास्त्रज्ञांनी १९६५ साली याची एक उपपत्ती मांडली. मज्जारज्जूत जणू एक दार आहे. स्पर्शाच्या जाड तंतूंतून वर्दी आली की वेदनेसाठी ते दार लोटले जाते. तपशिलात पुढे पुष्कळ सुधारणा झाल्या, पण मूळ कल्पना टिकली आहे. शिवाय त्वचेत काही बारीक तंतू असे आहेत की, हात सेकंदाला एक ते दहा सेंटिमीटर अशा संथ गतीने फिरला तरच ते चांगले जागे होतात. पाठीवरून मायेने फिरणारा हात साधारण याच गतीने फिरतो.

'स्नायूंत साठलेले विष निघून जाते' हे मात्र खरे धरू नका. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१२ साली अकरा तरुणांना सायकलवर दमवून प्रत्येकाचा एकच पाय दहा मिनिटे चोळला. लॅक्टिक आम्लात फरक पडला नाही; दाहाच्या खुणा मात्र चोळलेल्या पायात कमी दिसल्या.

आता कंबर. अमेरिकेत ४०१ कंबरदुखीवाल्यांवर प्रयोग झाला, तो २०११ साली प्रसिद्ध झाला. आठवड्यातून एकदा, दहा आठवडे मालिश. काहींना खास तंत्राची, काहींना साधी. नेहमीच्या उपचारांपेक्षा दोन्हींचा गुण अधिक आला, आणि दोन्हींचा सारखाच! सहा महिने तो टिकला, वर्षाअखेर बहुतेक ओसरला. म्हणजे 'खास पद्धती'च्या नावाने दुप्पट पैसे मागणाऱ्याला नमस्कार करावा. आणि मालिश हे स्नानासारखे आहे, एकदा करून वर्ष निघत नाही. चोळून घेतल्याने स्नायूंना बळ येत नाही, तो व्यायाम ज्याचा त्यानेच केला पाहिजे.

आता माझीच एक चूक सांगतो. पुष्कळ वर्षांपूर्वी आंब्यावरून पडलेला एक नऊ वर्षांचा मुलगा माझ्याकडे आला. कोपर मोडले होते. हाड नीट जुळले, प्लास्टर काढले, आणि बाहेर रांग मोठी म्हणून मी त्यांना तसेच पाठविले. घरी आजीने मायेने गरम तेल घेऊन रोज तो हात चोळला, ओढून सरळ केला. दोन महिन्यांनी मुलगा परत आला तो आखडलेला कोपर घेऊन; घास तोंडाशी नेता येईना. कोपराभोवतीचा दुखावलेला स्नायू असा रगडला की त्यात हाडासारखा थर धरू शकतो. "चोळू नका" हे दोनच शब्द मी बोललो असतो तर! आजी रडत होती. दोष तिचा नव्हता.

तेव्हापासून मी ते शब्द प्रत्येकाला सांगतो. एकच पोटरी सुजून गरम झाली असेल तर तिला हात लावू नका, शिरेत गुठळी असू शकते आणि ती सुटून फुप्फुसात जाते. मधुमेहाने बधिर झालेल्या पायाला गरम तेल नको. तान्ह्याच्या नाकात तेल घालण्याची चाल तर आजच बंद करा.

राहता राहिला मनाचा ताण. गुडघ्यांसाठी दरमहा येणाऱ्या एका विधवा आजीबाई होत्या. औषध बदलले तरी तक्रार तीच. एकदा लक्षात आले की महिन्याभरात यांना हात लावणारा मी एकटाच. नातवाला बोलावून सांगितले, रात्री पंधरा मिनिटे आजीच्या पायांना तेल लाव. पुढच्या महिन्यात विचारले, "आजी, गुडघा कसा आहे?" "तसाच आहे हो. पण झोप लागते. आणि पोरगं शाळेतलं सगळं सांगतं."

तेल कोणते, हा प्रश्न चिठ्ठीवर आलाच आहे. तिळाचे चांगले, खोबऱ्याचे चालेल, घरात असेल ते घ्या. मात्र फरशीवर सांडलेले लगेच पुसा. त्यावरून घसरून खुबा मोडलेले रोगी मी दर दिवाळीला पाहिले आहेत.