मूर्ती लहान, नजर ताऱ्यांवर



‘मूर्ती लहान पण कीर्ती महान’ असे आपण म्हणतो. ‘ब्राइट’ नावाचे उपग्रह अगदी तसेच आहेत. २० सेंटिमीटरचा ठोकळा, वजन सुमारे ७ किलो, दुर्बिणीचे तोंड जेमतेम ३ सेंटिमीटर! ऑस्ट्रिया, पोलंड आणि कॅनडा यांचा हा उपक्रम. पहिले दोन उपग्रह २५ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्याच पीएसएलव्हीने श्रीहरिकोट्याहून वर नेले.

तुम्ही विचाराल, मोठ्या दुर्बिणी असताना हे कशाला? गंमत अशी, की काक्षी, राजन्य यांसारख्या तेजस्वी ताऱ्यांपुढे मोठ्या दुर्बिणींचे डोळे दिपतात. शिवाय जमिनीवरून तारा लुकलुकतो आणि उजाडले की काम थांबते. वरून मात्र त्याच ताऱ्यांवर कित्येक महिने नजर ठेवता येते. तारा स्पंदन पावतो, त्याचे तेज किंचित कमीजास्त होते. वैद्याने नाडी पाहावी, तसे त्यावरून ताऱ्याच्या पोटातले कळते.

सहांपैकी एक उपग्रह रॉकेटपासून सुटलाच नाही. उरलेल्या पाचांनी काम चालू ठेवले.

आपली मुले म्हणतात, ‘आमच्या गावात मोठी प्रयोगशाळा कुठे आहे?’ मुलांनो, ऑस्ट्रियाचे ते पहिलेच उपग्रह होते. त्यांनी मोठ्यांशी स्पर्धा केली नाही. मोठ्यांना अवघड जाणारा प्रश्न निवडला. तुम्हीही तसा एक प्रश्न शोधा. सुरुवात आज रात्री गच्चीवरून करा.

गणपती बाप्पा मोरया!