वडिलांच्या युद्धसेवेचा शोध



माझे वडील दुसऱ्या महायुद्धात रॉयल इंडियन नेव्हीत रडार-तंत्रज्ञ होते. रडार हे तेव्हाचे लष्करी गुपित. त्यामुळे मौनाची लागलेली सवय त्यांना जन्मभर सुटली नाही. त्यांच्या पश्चात मी कागद धुंडाळू लागलो. अर्थशास्त्राचा विद्यार्थी असल्याने पदकांपेक्षा वेतन, बढती आणि सेवामुक्ती यांच्या नोंदी मला महत्त्वाच्या वाटल्या.

नौदलाची रडार-शाळा कराचीत होती. तिचे नाव 'चमक'. रेडिओलहरी सोडायच्या आणि आदळून परतणाऱ्या लहरीला लागलेल्या वेळावरून जहाजाचे अंतर काढायचे, ही विद्या तेथे शिकवीत. साम्राज्याला हे कौशल्य हवे होते. कुशल हिंदी खलाशाला समान वेतन व समान मान मात्र द्यावयाचा नव्हता. निकृष्ट अन्न आणि वर्णद्वेषी वागणूक यांची त्यात भर पडली. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी मुंबईत 'तलवार'वर संप सुरू झाला. कराचीतील 'चमक'चे खलाशीही त्यात उतरले. २३ फेब्रुवारीस शरणागती झाली. बडतर्फ झालेल्यांना स्वातंत्र्यानंतरही नौदलात परत घेतले गेले नाही.

सरकारी सेवानोंदीत हुद्दा, जहाज आणि तारखा सापडतात. तो माणूस काय सोसत होता, हे पत्रांतून आणि सोबत्यांच्या आठवणींतूनच जुळवावे लागते. ते सोबती आता जवळजवळ उरलेले नाहीत. म्हणून आपणांस विनंती आहे : घरातील अशी पत्रे, पुस्तिका व छायाचित्रे रद्दीत घालू नका. कष्टकऱ्यांचा इतिहास लिहिण्यास दुसरे साधन नाही.