खिडकीची मूठ



आजचा विषय ऐकून कुणाला हसू येईल. खिडकीची मूठ ही काय भाषण करण्याजोगी गोष्ट झाली? पण घरातल्या लहान वस्तूंचे असेच असते. त्या नीट चालतात तोवर त्यांच्याकडे कुणी ढुंकून पाहत नाही, आणि एखादी मोडली की साऱ्या घराचे अडते.

आपल्या जुन्या घरांच्या खिडक्या तुम्हाला ठाऊक आहेत. दोन लाकडी झडपा, आतून लोखंडी कडी, आणि वाऱ्याने झडप आपटू नये म्हणून एक आकडा. यातले काही मोडले तर गावचा सुतार नाही तर लोहार दिवस मावळायच्या आत काम करून देई. आता गावोगावी नवी घरे उभी राहत आहेत. त्यांना ॲल्युमिनियमच्या किंवा यूपीव्हीसी नावाच्या कडक प्लास्टिकच्या खिडक्या असतात. घर मोठ्या रस्त्याच्या कडेला असले, तर काही जण एका तावदानाऐवजी दुहेरी तावदानाची खिडकी बसवतात. अशा खिडकीची मूठ मोडली म्हणजे मात्र हातात पेचकस घेऊन आलेला माणूसही डोके खाजवू लागतो.

माझ्या थोरल्या बहिणीकडे हेच झाले. तिचे घर पुणे-नाशिक रस्त्याच्या अगदी कडेला आहे. नातवाला दम्याचा त्रास; म्हणून धूळ आणि गाड्यांचा आवाज अडावा यासाठी त्याच्या खोलीला दुहेरी तावदानाची खिडकी बसवलेली. गेल्या हिवाळ्यात मी गेलो, तर खिडकीची झडप सुतळीने गजाला बांधलेली!

मी म्हटले, "अक्का, ही सुतळी कसली गं?"

"अरे, मूठ तुटली. माणूस बोलावला होता. तो म्हणतो, अख्खी झडप बदलावी लागेल. तेवढे पैसे आत्ता कुठून आणू? आणि पोरगं रात्रभर खोकतंय बघ."

मी हात लावून पाहिला. सुतळीने झडप चौकटीला टेकली होती, पण दाबली गेली नव्हती. बाजूच्या फटीतून वारा येत होता, त्याबरोबर धूळ येत होती. काचा दोन्ही शाबूत होत्या. पण खिडकी मात्र निकामी झाली होती.

असे का व्हावे, हे समजून घ्यायचे तर आधी ही खिडकी कशी चालते ते पाहू.

दोन तावदाने एकमेकांपासून थोड्या अंतरावर ठेवून त्यांच्या चारही कडा पक्क्या बंद केलेल्या असतात. मधल्या पोकळीत कोरडी हवा किंवा वायू कोंडलेला असतो. ही कल्पना काही आजची नाही. अमेरिकेत थॉमस स्टेटसन नावाच्या गृहस्थाने १८६५ साली तिचे पेटंट घेतले होते. तत्त्व आपल्या गोधडीचेच आहे. गोधडीत ऊब येते ती लुगड्यांच्या थरांत अडकलेल्या हवेमुळे. कोंडलेली, स्थिर हवा उष्णतेला सहजी पलीकडे जाऊ देत नाही. त्यामुळे एकेरी काचेतून जितकी उष्णता जाते, तिच्या साधारण निम्मीच दुहेरी तावदानातून जाते.

पण गोधडी कितीही जाड असली आणि पायांकडून उघडी राहिली, तर थंडी वाजायचीच. खिडकीचेही तसेच आहे. झडप चौकटीवर चारही बाजूंनी दाबून बसली पाहिजे, मधली रबराची पट्टी चेपली गेली पाहिजे. हे दाबण्याचे काम मूठ करते. मुठीच्या पाठीमागे एक चौकोनी कांडी असते; दुकानदार तिला स्पिंडल म्हणतात. ही कांडी झडपेच्या आत बसवलेल्या लहानशा यंत्रात शिरते. मूठ फिरवली की ते यंत्र झडपेच्या कडेने जाणाऱ्या पट्ट्या वरखाली सरकवते. पट्ट्यांवरच्या खुंट्या चौकटीवरच्या खाचांत अडकतात आणि झडपेला आत ओढून घेतात. म्हणजे हात एका ठिकाणी फिरतो आणि खिडकी चार ठिकाणी बंद होते. मूठ गेली की हे सगळेच गेले. काचेला घातलेला पैसा सुतळीच्या भरवशावर राहिला!

तेव्हा मूठ बिघडली तर पहिली गोष्ट ही, की नक्की काय बिघडले ते पाहावे. दोष तीन प्रकारचे असतात.

पहिला, मूठ जड फिरते. इथे बहुतेक जण जोर लावतात आणि मूठ मोडून बसतात. जोर लावू नका. झडप उघडी ठेवून मूठ फिरवून पाहा. उघड्या झडपेत ती हलकी फिरत असेल आणि बंद करतानाच जड जात असेल, तर झडप बिजागरीवर खाली उतरली आहे आणि खुंट्या खाचांसमोर येत नाहीत. बिजागरी सारखी करून घ्यावी. उघड्या झडपेतही जड फिरत असेल तर आतले यंत्र कोरडे पडले आहे. पट्ट्या आणि खुंट्या धूळ पुसून शिलाई यंत्राच्या तेलाचे थोडे थेंब सोडावेत. काही खिडक्यांत झडप उघडी असताना मूठ फिरू नये म्हणून कडेला एक छोटी कळ ठेवलेली असते. ती बोटाने दाबून मगच मूठ फिरवावी.

दुसरा दोष, मूठ नुसतीच गरगर फिरते. अशा वेळी मूठ काढावी. मोकळी चौकोनी कांडी यंत्राच्या भोकात घालून पकडीने हळूच फिरवून पाहावी. पट्ट्या सरकल्या तर यंत्र ठीक आहे, दोष मुठीचा. पट्ट्या हलल्याच नाहीत तर यंत्र मोडले आहे. मग नवी मूठ आणणे म्हणजे पैसे वाया घालवणे.

तिसरा दोष, मूठच तुटते. हे सर्वांत सोपे. अक्काच्या खिडकीचे हेच झाले होते. यंत्र शाबूत, पट्ट्या शाबूत, झडप शाबूत. बदलायची होती फक्त मूठ.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. दोन काचांच्या मधे धुके किंवा पाण्याचे थेंब दिसू लागले, तर कडेची बंदिस्ती सुटली आहे असे समजावे. तिथे मुठीचा काही उपाय नाही, आणि पुसूनही ते जाणार नाही. ते तावदानच बदलावे लागते.

आता नवी मूठ आणायची कशी? इथे माझी फजिती सांगतो. मी जुन्या मुठीकडे नुसते पाहिले आणि दुकानातून तशीच दिसणारी आणली. घरी येऊन लावली तर कांडी आखूड! यंत्रात जेमतेम टोक टेकले. दोनदा फिरवली आणि घसरली. पुन्हा बावीस किलोमीटरची खेप. दुसऱ्या वेळी जुनी मूठ पिशवीत घालून नेली आणि काम झाले. म्हणून श्रोतेहो, मुठीचे मोडके तुकडेसुद्धा फेकू नका. बरोबर न्या.

न्यायच्या आधी मापे मात्र घ्या, आणि मिलिमीटरमध्येच घ्या. इथे सुतापेक्षा मिलिमीटर बरा. पहिले माप दोन स्क्रूंमधले, एका भोकाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत. युरोपी पद्धतीच्या पुष्कळ मुठींत हे अंतर ४३ मिलिमीटर असते. दुसरे माप कांडीच्या जाडीचे. तशा मुठींत ती ७ मिलिमीटर चौरस असते. तिसरे माप कांडीच्या लांबीचे, आणि चुका होतात त्या इथेच. मुठीची सपाट बैठक जिथे खिडकीला टेकते तिथपासून कांडीच्या टोकापर्यंत मोजावे. साधारण ३० पासून ४५ मिलिमीटरपर्यंत वेगवेगळ्या लांबीच्या कांड्या मिळतात. लांब असेल तर लोखंड कापायच्या करवतीने कापून कानशीने टोक साफ करता येते. आखूड असेल तर काहीच करता येत नाही. म्हणून शंका असेल तेव्हा लांब घ्यावी.

चौथी गोष्ट, मूठ सरळ आहे की बाजूला वाकलेली. वाकलेली असेल तर ती डावी आणि उजवी अशी दोन प्रकारची असते. त्यातली कोणती, ते लिहून घ्यावे.

काही ॲल्युमिनियमच्या खिडक्यांना कांडीच नसते. मुठीला पक्ष्याच्या चोचीसारखे नाक असते आणि ते चौकटीवर अडकते. तिथे बैठकीपासून नाकाच्या खालच्या कडेपर्यंतची उंची मोजावी. एक-दोन मिलिमीटरचा फरक पडला तरी झडप ढिली राहते किंवा लागतच नाही.

मूठ कोणत्या धातूची घ्यावी? घाटावर, पावसाचा मारा नसलेल्या भिंतीला ॲल्युमिनियमची चांगली मूठ पुरते. पण रत्नागिरी-मालवणकडच्या श्रोत्यांनी जास्त काळजी घ्यावी. खारा वारा साधे स्क्रू खाऊन टाकतो, आणि मग मूठ काढायची म्हटली तरी निघत नाही. तिथे मूठ आणि स्क्रू दोन्ही स्टेनलेस पोलादाचे असावेत. त्यातही ३०४ प्रतीपेक्षा ३१६ प्रत खाऱ्या हवेत अधिक टिकते.

किल्लीच्या मुठी मिळतात. माडीवर लहान मुले असतील तर त्या जरूर घ्याव्यात; मूल खिडकी उघडून खाली पडण्याचा धोका टळतो. पण किल्लीची जागा ठरलेली असावी. मुलाच्या हाताला लागू नये आणि मोठ्यांना अंधारातही सापडावी, अशा खिळ्याला ती लावून ठेवा. घरातल्या प्रत्येकाला तो खिळा ठाऊक हवा. आग लागली, धूर झाला, तर किल्ली शोधायला वेळ मिळत नाही.

बसवण्याचे काम पाव तासाचे आहे. एका माणसाने झडप धरून ठेवावी. मूठ काढली की तिला अडवणारे काही राहत नाही. मूठ आडवी करावी. बैठकीवरचे झाकण किंचित उचलून बाजूला फिरवावे, खाली दोन स्क्रू दिसतील. काही मुठींत स्क्रूवर लहानसे बूच असते. स्क्रू काढून मूठ सरळ बाहेर ओढावी, आणि ती निघाली तेव्हा कोणत्या दिशेला होती ते ध्यानात ठेवावे. नवी त्याच दिशेला ठेवून बसवायची. स्क्रू नव्या मुठीबरोबर आलेलेच, किंवा जुन्याच मापाचे घ्यावेत. लांब स्क्रू आत जाऊन यंत्राला अडतो. आणि स्क्रू हाताने आवळावेत. यंत्राने आवळले की आटे जातात किंवा बैठकीला तडा जातो. शेवटी झडप लावून चारही बाजूंना एकेक कागद चौकटीत धरून ओढून पाहा. कागद सगळीकडे अडला पाहिजे. एखाद्या बाजूने तो सहज निघाला, तर तिथे झडप दाबली जात नाही.

अक्काच्या घरी मीही कागद ओढून पाहिला. चारही बाजूंना अडला. मूठ आली एका वेळच्या किराणा सामानाच्या पैशात. सुतळी सोडली आणि दिवाळीच्या कंदिलासाठी ठेवून दिली. रात्री अक्का म्हणाली, "आज ट्रक जातात की नाही?" जात होते, पण आवाज दूर गेला होता. पोराचा दमा मुठीने बरा होत नाही, त्याचे औषध डॉक्टरांकडेच आहे. पण त्या रात्री धूळ तरी बाहेर राहिली.

आता गुरुजी आणि बाई ऐकत असतील, त्यांना एक विनंती. शाळेच्या खिडक्यांना दुहेरी तावदाने नसतील. बहुतेक ठिकाणी लोखंडी झडपा, एक मूठ आणि झडप धरून ठेवणारी भोकांची पट्टी. पण वर्गात फिरून पाहा. किती मुठी गळाल्या आहेत? किती झडपा तारेने कायमच्या बांधल्या आहेत? बांधलेल्या खिडकीच्या वर्गात उजेड कमी आणि कोंदटपणा जास्त. क्षय, गोवर यांसारखे रोग हवेतून पसरतात, आणि कोंदट खोलीत ते अधिक फावतात. आणि जी झडप अडकवताच येत नाही ती वाऱ्याने आपटून एखाद्या मुलाचे बोट चेंगरते.

तेव्हा एका शनिवारी मुलांच्या हाती फूटपट्टी आणि वही द्या. प्रत्येक खिडकीची मूठ, तिच्या दोन स्क्रूंमधले अंतर, काय मोडले आहे, हे त्यांना मोजून लिहू द्या. दशांश अपूर्णांकाचा धडाही होईल आणि दुरुस्तीची यादीही होईल. ती यादी शाळा व्यवस्थापन समितीपुढे ठेवा. "खिडक्या दुरुस्त करा" असा मोघम अर्ज वर्षभर पडून राहतो. "अमुक मापाच्या सात मुठी आणि चौदा स्क्रू" असे लिहिले की दुकानदाराला भाव सांगता येतो आणि समितीला होकार देता येतो.

घरी जे काम आहे तेही आजच उरका. घरातल्या सगळ्या खिडक्या एकदा उघडून लावून पाहा. जी मूठ जड वाटेल तिला तेल द्या, जी ढिली असेल तिचा स्क्रू आवळा. आणि "अख्खी झडप बदला" असे कुणी म्हणालेच, तर पैसे देण्यापूर्वी एवढेच विचारा, "बाबा रे, मूठ काढून पाहिलीस का?"