जॅझसाठी नायलॉनची गिटार : निवड आणि श्रवण

नायलॉनच्या तारांची गिटार मोठ्या आवाजाचे वाद्य नाही. बोटाने छेडलेला तिचा सूर गोल, भरीव उमटतो आणि लवकर विरतो. जॅझच्या मैफलीत तिच्या शेजारी डबल बास, ड्रम आणि बहुधा सॅक्सोफोन असतो. ड्रमवादकाने नुसते ब्रश फिरवले तरी तिचे बारकावे बुडायला लागतात. म्हणून ती विजेवर चढवावी लागते, आणि विजेवर चढली की ती पूर्वीचे वाद्य राहत नाही. तिचे गुणदोष वेगळे होतात. जॅझसाठी अशी गिटार निवडताना पाश्चात्त्य शास्त्रीय गिटारची मोजपट्टी कामाला येत नाही, आणि ऐकतानाही येत नाही.

दुसऱ्या महायुद्धापर्यंत या गिटारला आतड्यापासून केलेली तात लावत. युद्धकाळात तात शस्त्रक्रियेच्या टाक्यांसाठी लागू लागली आणि वादकांना मिळेनाशी झाली. तेव्हा न्यूयॉर्कमधील वाद्यकार अल्बर्ट ऑगस्टीन यांनी ड्यूपाँ कंपनीच्या नायलॉनपासून तारा तयार केल्या आणि स्पॅनिश गिटारवादक आंद्रेस सेगोव्हिया यांनी त्या उचलून धरल्या. त्याच दशकात, १९४७ साली, ब्राझीलचे गिटारवादक लॉरिंदो आल्मेदा स्टॅन केंटन यांच्या जॅझ वाद्यवृंदात आले आणि बोटांनी वाजणारी गिटार जॅझच्या मंचावर दिसू लागली. अमेरिकी गिटारवादक चार्ली बर्ड यांनी सेगोव्हिया यांच्याकडे शिक्षण घेतले होते. १९६१ साली अमेरिकी परराष्ट्र खात्याने योजलेल्या दक्षिण अमेरिकेच्या दौऱ्यात त्यांनी बोसा नोव्हा हा ब्राझीलचा संगीतप्रकार जवळून ऐकला. पुढच्याच वर्षी, १३ फेब्रुवारी १९६२ रोजी, वॉशिंग्टनमधील एका चर्चच्या सभागृहात त्यांनी सॅक्सोफोनवादक स्टॅन गेट्झ यांच्याबरोबर ‘जॅझ साम्बा’ ही तबकडी ध्वनिमुद्रित केली. तिच्यात दोन ड्रमवादक आहेत, तरीही गिटारचा प्रत्येक स्वर स्वच्छ ऐकू येतो. ध्वनिमुद्रणात मायक्रोफोन वाद्याजवळ नेता येतो आणि पातळ्या जुळवता येतात. मंचावर ही सोय फारशी मिळत नाही.

एवढा खटाटोप या वाद्यासाठी का करायचा, याचे उत्तर उजव्या हातात आहे. पिक वापरणारा वादक तारांवरून पिक ओढतो, त्यामुळे कॉर्डमधले स्वर एकामागून एक निघतात, मग ते अंतर कितीही सूक्ष्म असो. बोटांनी वाजवणारा चार स्वर एकाच क्षणी उचलतो, पियानोवादकासारखा. त्यातला वरचा स्वर किंचित ठळक करायचा की मधला, हे तो ठरवू शकतो. अंगठा मोकळा असल्याने खालची बासची चाल वेगळी चालू राहते. बोसा नोव्हात अंगठा ठोका धरतो आणि तीन बोटे ठोक्यांच्या अध्येमध्ये कॉर्ड टाकतात. ब्राझीलचे गायक-गिटारवादक जोआओ जिल्बेर्तो यांची गिटार ऐकताना लक्ष प्रथम त्या अंगठ्याकडे द्यावे. सगळी लय तिथून निघते.

आता विजेचा भाग. गिटारवादक चार्ली ख्रिश्चन यांच्यापासून जॅझच्या इलेक्ट्रिक गिटारवर जो पिकअप, म्हणजे तारांची कंपने टिपणारा भाग, असतो, तो चुंबकीय असतो. पोलादी तार चुंबकाजवळ थरथरली की भोवतालच्या वेटोळ्यात विद्युतप्रवाह निर्माण होतो. नायलॉनवर चुंबकाचा काही परिणाम होत नाही. खालच्या तीन तारांवर धातूचे वेष्टण असते खरे, पण ते सहसा चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याचे असते आणि तांबेही चुंबकाला दाद देत नाही. म्हणून इथे पिएझो वापरतात. दाब पडला की विद्युतभार निर्माण करणारा हा पदार्थ तारा जिथे टेकतात त्या ब्रिजवरच्या सॅडलखाली, पट्टीच्या किंवा सुट्या तुकड्यांच्या रूपात बसवलेला असतो. स्फटिकांचा हा गुण पिएर आणि जाक क्युरी या बंधूंनी १८८० साली दाखवून दिला होता.

पिएझोचे बलस्थान आणि दुखणे एकच आहे. तो तारेचा दाब टिपतो, लाकडातून हवेत पसरणारा नाद टिपत नाही. तार छेडल्याबरोबरचा टोकदार आघात जसाच्या तसा पुढे जातो आणि त्यामागची पोकळीतली घनता मागे राहते. जोरात छेडल्यावर आवाजात एक कोरडा, प्लॅस्टिकसारखा चटका येतो. तो ओळखायला शिकणे ही ऐकणाऱ्यासाठी पहिली पायरी आहे. एकदा कानाने पकडला की तो कुठेही लपत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी काही गिटारींत पेटीच्या आत छोटा मायक्रोफोन किंवा वरच्या फळीला चिकटवलेला संवेदक असतो आणि दोन्ही आवाज हव्या त्या प्रमाणात मिसळता येतात. शांत जागेत, दोघातिघांच्या मैफलीत हे मिश्रण फार सुंदर लागते. ड्रमबरोबर मात्र मायक्रोफोनचा वाटा जवळपास शून्यावर आणावा लागतो, कारण तो ड्रमही ऐकतो.

निवडीत सर्वात जास्त वजन द्यावे असा मुद्दा फीडबॅकचा आहे. गिटारच्या पेटीतल्या हवेची स्वतःची एक कंपनसंख्या असते, साधारण १०० हर्ट्झच्या आसपास. सर्वात खालच्या तारेवर तिसऱ्या पडद्याचा स्वर ९८ हर्ट्झचा आणि पाचव्याचा ११० हर्ट्झचा असतो, म्हणजे हे संकटाचे ठिकाण ऐन वाजवण्याच्या टापूत येते. डबल बासने तोच स्वर धरला तरी गिटारची पेटी आपोआप गुंजू लागते. तो आवाज स्पीकरमधून बाहेर पडतो, पुन्हा पेटीला हलवतो आणि घुमत राहतो. दुकानात परीक्षा घ्यायची तर अ‍ॅम्प्लिफायर मैफलीइतका मोठा करावा, गिटारचे तोंड त्याच्याकडे करावे आणि खालच्या तारेवर तिसरा, चौथा, पाचवा पडदा सावकाश वाजवावा. तार हाताने दाबल्यावरही गुंजन थांबले नाही, तर ती गिटार ड्रमबरोबर टिकणार नाही. हळू आवाजात ती कितीही गोड वाटली तरी या परीक्षेचा निकाल मानावा.

या दुखण्यावर निर्मात्यांनी शोधलेले उपाय पेटीच्या जाडीवरून दिसतात. गिब्सन कंपनीने १९८२ साली गिटारवादक चेट अ‍ॅटकिन्स यांच्या नावाने जवळजवळ भरीव लाकडाची नायलॉन गिटार काढली. तिला मोठा आवाजही घुमवू शकत नाही, पण वीज नसताना ती जेमतेम ऐकू येते. कॅनडातील क्वेबेक प्रांतातील गोदाँ कंपनीच्या मल्टिअ‍ॅक मालिकेने मधला मार्ग धरला. तिची पातळ पेटी आतून कोरलेल्या महोगनीची आहे, वर स्प्रूसची फळी आहे, ध्वनिछिद्र नाही आणि प्रत्येक तारेखाली वेगळा संवेदक आहे. यामाहाच्या एनटीएक्स मालिकेत पेटी पोकळच राहते, फक्त उथळ होते, त्यामुळे घरी साधनेलाही ती चालते. ड्रम असलेल्या गटात नियमित वाजवणाऱ्याने कोरीव पेटीकडे वळावे, असेच सांगावेसे वाटते. एकट्याने किंवा गायकाबरोबर वाजवणाऱ्याला पूर्ण पोकळ पेटीचा श्वास सोडवणार नाही, आणि त्याने तो सोडूही नये.

मग मान. शास्त्रीय गिटारची मान नटपाशी, म्हणजे वरच्या टोकाशी, सुमारे ५२ मिलिमीटर रुंद आणि वरून सपाट असते. ती बाराव्या पडद्याशी पेटीला मिळते. इलेक्ट्रिक गिटारची रुंदी साधारण ४३ मिलिमीटर. जॅझच्या एकेरी तानांना वरचे पडदे लागतात, म्हणून कटअवे, म्हणजे पेटीला एका बाजूने दिलेली खाच, हवीच. मान चौदाव्या पडद्याशी जोडलेली असेल तर आणखी बरे. रुंदीत घाई करू नये. इलेक्ट्रिकवरून येणाऱ्याला ४८ मिलिमीटरची मान लगेच सोयीची वाटते. ४३ची मान डाव्या हाताला लाडाची असली तरी उजव्या हाताची बोटे तारांमध्ये अडकतात, आणि ज्या बोटांसाठी हे वाद्य घेतले त्यांचीच गैरसोय होते.

तारांचाही विचार हवा. नायलॉनची तिसरी तार जाड असते आणि बहुतेक गिटारींवर ती मंद, बोबडी वाजते. त्या जागी कार्बन म्हणून विकली जाणारी फ्लुरोकार्बनची बारीक तार लावली की ताना उजळतात. मींड घेण्याची सवय असलेल्यांनी एक लक्षात ठेवावे : नायलॉनची तार आडवी ओढून स्वर पोलादी तारेइतका चढत नाही. इथला कंप तारेच्या लांबीच्या दिशेने बोट डोलवून येतो.

अ‍ॅम्प्लिफायर निवडला की आवाजाचे अर्धे काम होते. इलेक्ट्रिक गिटारचा बारा इंची स्पीकर वरच्या कंपनसंख्या कापतो. त्यामुळे पिएझोचा चटका दबतो आणि जॅझला आवडणारा काळोखा आवाज मिळतो, पण नखाचा स्पर्श हरवतो. ट्वीटर, म्हणजे उंच स्वरांचा छोटा स्पीकर, असलेला अ‍ॅकूस्टिक अ‍ॅम्प्लिफायर स्पर्श दाखवतो आणि चटकाही. ट्वीटर थोडा उतरवून वाजवणे हा चांगला तोडगा आहे. पिएझो थेट जोडायचा असेल तर अ‍ॅम्प्लिफायरच्या प्रवेशाचा विद्युत अवरोध एक मेगाओहमच्या घरात असावा, नाहीतर खालचे स्वर पातळ होतात. गिटारमध्येच प्रीअ‍ॅम्प असेल तर ही अडचण येत नाही. मात्र बहुतेक गिटारींत केबल जोडलेली असेपर्यंत त्यातली नऊ व्होल्टची बॅटरी खर्च होत राहते.

कोकण, गोवा आणि मुंबईच्या वादकांपुढे पावसाळ्याचा प्रश्न वेगळा उभा राहतो. हवेतले पाणी शोषून अस्सल लाकडाची वरची फळी फुगते, ब्रिज उचलला जातो, तारा पडद्यांपासून दूर जातात आणि सॅडलखालच्या पिएझोवरचा दाब बदलल्याने एखादी तार दबकी, एखादी मोठी ऐकू येऊ लागते. म्हणून गिटार तिच्या बंद केसमध्ये, आर्द्रता शोषणाऱ्या पुड्यांसह ठेवावी, आणि केसमधली आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या आसपास राहील असे पाहावे. सहाही तारा सारख्याच जोराने छेडून त्यांच्या पातळ्या एकसारख्या येतात का, हे पावसाळ्यानंतर पुन्हा तपासावे; येत नसतील तर सॅडल काढून त्याचा तळ सपाट करून घ्यावा लागतो.